विद्यापीठातील गर्दी आणि विद्यार्थी असंतोष : फ्रान्समधील १९६८ च्या आंदोलनाची कारणमीमांसा

प्रस्तावना

इ. स. १९६४ ते १९६९ या काळात अमेरिका, पश्चिम जर्मनी, इटली, फ्रान्स, जपान, मेक्सिको अशा अनेक देशांतील विद्यापीठे विद्यार्थी आंदोलनांनी ढवळून निघाली. या आंदोलनांची कारणे सांगताना व्हिएतनाम युद्ध, डाव्या विचारसरणीचा प्रभाव, दोन पिढ्यांतील अंतर आणि विद्यापीठांतील बेसुमार गर्दी ही कारणे सामान्यतः एकापाठोपाठ एक दिली जातात. त्यांपैकी शेवटचे कारण सर्वांत सोपे वाटते आणि म्हणूनच त्याची छाननी फारशी होत नाही. वर्गात जागा नाही, वाचनालयात पुस्तक मिळत नाही, शिक्षकाला विद्यार्थ्याचे नाव माहीत नाही. अशा स्थितीत विद्यार्थी रस्त्यावर येणारच, असे गृहीत धरले जाते.

प्रस्तुत निबंधात फ्रान्समधील, विशेषतः पॅरिस विद्यापीठाच्या नांतेर येथील विद्याशाखेच्या उदाहरणावरून हे गृहीतक तपासून पाहिले आहे. हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. गर्दी हेच असंतोषाचे मूळ असेल तर प्रवेशसंख्या रोखणे हा त्यावरील स्वाभाविक उपाय ठरतो, आणि एप्रिल १९६८ मध्ये फ्रेंच मंत्रिमंडळापुढे नेमका हाच उपाय विचारार्थ होता. मूळ अन्यत्र असेल तर मात्र तोच उपाय आगीत तेल ओतणारा ठरतो.

गर्दीच्या सिद्धांताची सर्वांत स्पष्ट मांडणी प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ रेमों आराँ यांनी केली. बंदिस्त जागेत उंदरांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांच्या वर्तनात विकृती दिसू लागते. पॅरिसच्या विद्यार्थ्यांचे तसेच झाले आहे, अशा आशयाचे विवेचन त्यांनी १९६८ च्या घटनांनंतर लगेचच केले. आराँ हे फ्रेंच विद्यापीठाचे आंधळे समर्थक नव्हते. अतिकेंद्रित व परीक्षाग्रस्त व्यवस्थेवर त्यांनी त्यापूर्वीही टीका केली होती. त्यामुळे त्यांचे मत शासनाची पाठराखण म्हणून बाजूला सारता येत नाही. तथापि उंदरांची उपमा घटनाक्रमाला कितपत लागू पडते, हे तपासावे लागते.

प्रवेशाचे दार

संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीची सवय असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास फ्रेंच विद्यापीठाची रचना सहज उमगत नाही. आपल्याकडे विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या कितीही वाढली तरी ती गावोगावच्या महाविद्यालयांत विखुरलेली असते. गर्दी जाणवते ती परीक्षा विभागाला. फ्रान्समध्ये असा मधला स्तर नव्हता. शालान्त शिक्षणाच्या अखेरीस होणारी बाकालोरेआ ही परीक्षा उत्तीर्ण होणारा प्रत्येक विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या विद्याशाखेत नाव नोंदवीत असे. नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा विद्यापीठाची पहिली पदवीच मानली जाते. त्यामुळे ती उत्तीर्ण झालेल्यास प्रवेश नाकारण्याचा अधिकार विद्याशाखेस नव्हता. गुणांची अट नाही, प्रवेश परीक्षा नाही आणि शुल्कही नाममात्र होते.

याच्या जोडीला दुसरी एक व्यवस्था होती. एकोल पॉलितेक्निक, एकोल नॉर्माल सुपेरिअर यांसारख्या उच्च विद्यालयांत, ज्यांना ग्रांद एकोल म्हणतात, कठोर स्पर्धा परीक्षेतून मोजकेच विद्यार्थी घेतले जात. प्रशासन, अभियांत्रिकी, उद्योग यांतील वरची पदे बहुतांशी त्यांच्याकडे जात. म्हणजे एकाच देशात एक दार सर्वांना उघडे होते आणि दुसरे मोजक्यांना. सत्ता व प्रतिष्ठा दुसऱ्या दारापलीकडे होती. विद्यापीठातील विद्यार्थ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या रचनेत अडचण आली नाही, कारण माध्यमिक शाळांतूनच फार थोडी मुले वर येत. देशातील एकूण विद्यार्थिसंख्या लाखाच्या आत होती. युद्धानंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. १९४६ पासून जन्मसंख्या एकाएकी वाढून वर्षाला ८ लाखांच्या वर गेली आणि दीर्घकाळ तेथेच राहिली. त्याच काळात मध्यमवर्गीय व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबे मुलांना माध्यमिक शिक्षण पूर्ण करू देऊ लागली. १९५० मध्ये त्या वयोगटातील सुमारे ५ टक्के मुले बाकालोरेआ उत्तीर्ण होत; १९६० पर्यंत हे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. १९४६ मध्ये जन्मलेली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. १९६०-६१ मध्ये फ्रान्समध्ये विद्यापीठीय विद्यार्थी सुमारे २ लाख १५ हजार होते. १९६७-६८ मध्ये ही संख्या ५ लाखांच्या पुढे गेली. एकट्या पॅरिस विद्यापीठात दीड लाखाहून अधिक विद्यार्थी होते.

हे आकडे अनपेक्षित नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अठरा वर्षांपूर्वीची जन्मनोंद हाताशी असताना विद्यापीठात किती विद्यार्थी येणार याचा अंदाज बांधण्यास मोठ्या शास्त्राची गरज नसते. फ्रेंच शासनाने तो बांधलाही होता आणि त्यानुसार इमारती, नवी विद्यापीठे व शिक्षकांची पदे यांवर मोठा खर्चही केला होता. १९६० च्या दशकात ओर्लेआँ, आमिएँ, रूआँ अशा शहरांत विद्यापीठीय शिक्षणाचा विस्तार झाला. शासन हातावर हात ठेवून बसले होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. शासनाने जागा वाढवल्या; जागांचा कारभार कोणी व कसा करायचा, हे मात्र जुनेच ठेवले.

परीक्षेची चाळणी

प्रवेश मुक्त असल्याने निवड कोठेतरी व्हावीच लागे. ती परीक्षेत होत असे. १९४८ पासून वाङ्मय व विज्ञान विद्याशाखांत एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता आणि त्यात मोठ्या संख्येने विद्यार्थी गळत. पुढच्या वर्षांतही गळती चालूच राहत असे. विद्यापीठात आलेल्यांपैकी फार मोठा भाग कोणतीही पदवी न घेता बाहेर पडत असे. बाहेर पडलेल्यास आपण का नापास झालो हे सांगणारे कोणी नसे. मोठ्या सभागृहातील व्याख्यान, दगडी छापाच्या जागी आलेल्या चक्रमुद्रित टिपा आणि वर्षाअखेरची परीक्षा, एवढाच त्याचा विद्यापीठाशी संबंध.

येथे गर्दीचा खरा परिणाम दिसतो. संख्या कमी असताना परीक्षेतील अपयश हे वैयक्तिक मानले जाते. शेकडो विद्यार्थी एकाच सभागृहात बसतात आणि त्यांतील निम्मी बाके पुढच्या वर्षी रिकामी होणार हे प्रत्येकास दिसते, तेव्हा अपयश सामूहिक होते. ते आपल्या बुद्धीचे नसून व्यवस्थेचे आहे, असा निष्कर्ष काढण्यास विद्यार्थ्याला कोणत्याही पक्षाच्या पत्रकाची गरज लागत नाही.

प्येर बोर्दियू आणि जाँ-क्लोद पास्राँ या समाजशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘लेझेरितिए’ म्हणजे ‘वारसदार’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यापीठातील विद्यार्थ्यांत कामगारांच्या मुलांचे प्रमाण अवघे ६ टक्क्यांच्या आसपास होते, हे त्यातील सर्वाधिक चर्चिले गेलेले निरीक्षण. दार सर्वांना उघडे असले तरी आत टिकण्यास लागणारी भाषा, वाचनाची सवय आणि आत्मविश्वास घरूनच येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. विस्तारामुळे आलेला नवा विद्यार्थी बहुतांशी कामगारांचा मुलगा नव्हताच. तो कारकून, शिक्षक, लहान दुकानदार यांचा मुलगा किंवा मुलगी होता. त्याच्या घरात विद्यापीठाची पदवी म्हणजे चांगली नोकरी असा समज होता, आणि तो समज एका पिढीपूर्वी खराही होता. पदवीधरांची संख्या वाढल्यावर, विशेषतः वाङ्मय व समाजशास्त्र या विषयांत, तो खरा राहिला नाही. समाजशास्त्रज्ञ रेमों बुदों यांनी १९६९ मध्ये विद्यापीठीय संकटाचे निदान करताना पदवीच्या घसरत्या मोलावर भर दिला, तो याच कारणाने.

नांतेर

सोर्बोनवरील भार कमी करण्यासाठी पॅरिसच्या पश्चिमेस नांतेर येथे वाङ्मय विद्याशाखा उघडण्याचे ठरले. जागा हवाई मंत्रालयाच्या जुन्या साठागाराची होती. १९६४ च्या हिवाळी सत्रात वर्ग सुरू झाले तेव्हा बांधकाम अर्धवट होते. आवारात चिखल होता आणि ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत नव्हती. सभोवार अल्जीरियन व पोर्तुगीज मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. रेल्वेचे जे थांबे होते त्याचे नाव ‘ला फोली’, म्हणजे वेडेपणा. विद्यार्थ्यांनी या नावाची थट्टा केली नसती तरच नवल. पहिल्या वर्षी सुमारे २ हजार विद्यार्थी होते. १९६७-६८ मध्ये विधी विद्याशाखा धरून ते १२ हजारांच्या घरात गेले.

गर्दीच्या सिद्धांताला पहिला धक्का येथेच बसतो. गर्दी सोर्बोनमध्ये अधिक होती. जुन्या इमारतीतील अडचणी, जागेसाठीची धावपळ आणि विद्यार्थिसंख्या या सर्व बाबतींत सोर्बोनची स्थिती नांतेरपेक्षा वाईट होती. नांतेरच्या इमारती नव्या होत्या, सभागृहे प्रशस्त होती आणि शिक्षकवर्ग तर हेवा वाटावा असा होता. आँरी लफेव्र, आलँ तुरेन, पॉल रिकर यांच्यासारखे विद्वान तेथे शिकवीत. विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पॅरिसच्या सोळाव्या विभागातील व नयी या उपनगरातील सुखवस्तू घरांतून येत. पॅरिसच्या विधी विद्याशाखेतही प्रचंड गर्दी होती. तेथूनही आंदोलनाचा आरंभ झाला नाही. जेथे गर्दी सर्वाधिक तेथे नव्हे, तर जेथे नवी संस्था जुन्या नियमांनी चालवली जात होती तेथे ठिणगी पडली.

हे नियम कोणते होते? वसतिगृहाचे उदाहरण बोलके आहे. मुलांनी मुलींच्या इमारतीत जाण्यास बंदी होती. मार्च १९६७ मध्ये काही विद्यार्थ्यांनी मुलींच्या इमारतीत ठाण मांडले. हा प्रसंग अनेकदा पोरकटपणा म्हणून उल्लेखिला जातो. परंतु तेव्हाच्या फ्रेंच कायद्यानुसार सज्ञानतेचे वय २१ होते, ते १९७४ मध्ये १८ वर आले. म्हणजे विद्यापीठातील पहिल्या दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन होते. शहरापासून दूर, एकाच आवारात दिवसरात्र राहणाऱ्या तरुणांना ही बंदी जशी जाचत होती तशी ती लॅटिन क्वार्टरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यास जाचत नव्हती. ८ जानेवारी १९६८ रोजी युवक व क्रीडामंत्री फ्रान्स्वा मिसोफ हे आवारातील जलतरण तलाव पाहण्यास आले असता दानिएल कोन-बेंदी या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांना, तरुणांविषयीच्या तुमच्या ग्रंथात त्यांच्या लैंगिक प्रश्नांचा उल्लेख का नाही, असे विचारले. मंत्र्यांनी तलावात उडी घेण्याचा सल्ला दिला. हा संवाद पुढे दंतकथेसारखा फिरला. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून अधिक महत्त्वाची घटना दोन महिने आधी घडून गेली होती.

नोव्हेंबर १९६७ चा संप

शिक्षणमंत्री क्रिस्तियाँ फूशे यांनी १९६६ मध्ये विद्यापीठीय अभ्यासक्रमांची फेररचना केली. पूर्वतयारीचे वर्ष रद्द करून दोन वर्षांचे पहिले चक्र, त्यानंतर एक वर्षाची ‘लिसांस’ किंवा दोन वर्षांची ‘मेत्रिज’ पदवी अशी रचना आली. तंत्रशिक्षणासाठी विद्यापीठीय तंत्रसंस्था स्थापन झाल्या. सुधारणेमागील हेतू समजण्यासारखा होता. मात्र ती चालू अभ्यासक्रमाच्या मध्यावर लागू झाली. जुन्या पद्धतीने एक-दोन वर्षे पूर्ण केलेल्यांचे नव्या पद्धतीत स्थान कोणते, याची उत्तरे अस्पष्ट होती. काहींचे आख्खे वर्ष वाया जाण्याची वेळ आली.

नोव्हेंबर १९६७ मध्ये नांतेर येथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि तो अल्पावधीत संपूर्ण विद्याशाखेत पसरला. मागण्या पाहिल्या तर त्यांत क्रांतीचा मागमूस नाही. जुन्या वर्षांची समकक्षता मान्य करावी, मार्गदर्शन वर्गांतील विद्यार्थिसंख्या कमी करावी, विद्यार्थ्यांना कारभारात प्रतिनिधित्व द्यावे. संप शांततेत पार पडला. अनेक शिक्षकांची सहानुभूती विद्यार्थ्यांना होती. विभागवार शिक्षक व विद्यार्थी यांच्या संयुक्त समित्या नेमण्यात आल्या.

आणि येथेच गाडी अडली. समित्या चर्चा करू शकत होत्या. निर्णय घेण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. अभ्यासक्रम, पदव्या, पदे, अनुदान हे सर्व मंत्रालयातून ठरत असे. विद्याशाखेचे अधिष्ठाता प्येर ग्रापाँ हे जर्मन भाषेचे अभ्यासक, दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीत भाग घेतलेले सुविद्य गृहस्थ होते. मागण्यांतील बऱ्याचशा रास्त आहेत हे त्यांना पटलेही असावे. पण एखाद्या विषयाची समकक्षता बदलणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या वर पॅरिस विभागाचे रेक्टर होते. रेक्टर हा शब्द आपल्याकडे वसतिगृहाच्या संदर्भात परिचित आहे. फ्रान्समध्ये तो शासनाने नेमलेला, संपूर्ण शैक्षणिक विभागाचा प्रमुख अधिकारी असतो. म्हणजे विद्यार्थ्यासमोर उभा असलेला माणूस अधिकारहीन होता, आणि अधिकार असलेला माणूस विद्यार्थ्याला कधी दिसत नव्हता. पाच लाख विद्यार्थ्यांच्या तक्रारी एका मंत्रालयाकडे जाणार असतील तर त्या पोहोचण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे गोंगाट.

शिक्षकांची अवस्थाही येथे विचारात घ्यावी लागते. विद्यार्थिसंख्या वाढली तसे शिक्षकही वाढले. परंतु वाढ झाली ती मुख्यतः सहायक व दुय्यम अध्यापकांच्या पदांत. अध्यासनधारी प्राध्यापक थोडेच राहिले आणि विद्याशाखेचा कारभार त्यांच्याच हाती राहिला. मार्गदर्शन वर्ग घेणारा, विद्यार्थ्यांची नावे माहीत असणारा तरुण सहायक स्वतःच निर्णयप्रक्रियेबाहेर होता. मे १९६८ मध्ये उच्च शिक्षणातील शिक्षक संघटनेने तिचे सरचिटणीस आलँ जेस्मार यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांची बाजू घेतली, त्यामागे केवळ विचारसरणी नव्हती.

नोव्हेंबरमधील संयत विद्यार्थी पुढाऱ्यांना हाती काही लागले नाही, तेव्हा पुढाकार त्यांच्याकडून निसटला. जानेवारी १९६८ मध्ये साध्या वेषातील पोलीस आवारात वावरतात आणि अधिष्ठात्यांनी आंदोलकांची काळी यादी केली आहे, असा आरोप झाला. २६ जानेवारी रोजी ग्रापाँ यांनी पोलिसांना बोलावले. ज्याने नाझी राजवटीविरुद्ध काम केले त्या माणसाची तुलना भित्तिपत्रकांत नाझींशी करण्यात आली. हा अन्याय होता, यात शंका नाही. परंतु असा अन्याय कसा शक्य झाला हे पाहिले पाहिजे. अधिकार नसलेल्या पदावर जबाबदारी तेवढी राहिली की त्या पदावरील सज्जन व्यक्तीही केवळ दंडुक्याची प्रतिनिधी भासू लागते.

व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनात झालेल्या अटकांच्या निषेधार्थ २२ मार्च रोजी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा वरचा मजला ताब्यात घेतला. त्या रात्री १४२ विद्यार्थी तेथे होते, असे सांगितले जाते. १२ हजारांपैकी १४२. गर्दी हे कारण मानणाऱ्यांनी आणि कटाचा आरोप करणाऱ्यांनीही हा आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे. ट्रॉट्स्कीवादी, माओवादी, अराजकवादी असे गट नांतेरच्या बाहेरही होते. एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये तर गर्दीचा लवलेश नसताना माओवादी गट जोमात होता. अतिरेकी विचार गर्दीतून जन्मत नाहीत. मात्र १४२ जणांच्या मागे सहा आठवड्यांत हजारो विद्यार्थी का गेले, याचे उत्तर आधीच्या नोव्हेंबरात सापडते.

मे महिन्याचे दिवस

यापुढील घटनाक्रम सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात देणे पुरेसे आहे. २ मे रोजी नांतेर विद्याशाखा बंद करण्यात आली. परिणामी तेथील आंदोलन आपोआप पॅरिसच्या मध्यभागी आले. ३ मे रोजी सोर्बोनच्या प्रांगणात सभा चालू असताना रेक्टर जाँ रोश यांनी पोलिसांना पाचारण केले. सभेतील विद्यार्थ्यांना गाड्यांत घालून नेत असताना, ज्यांचा सभेशी संबंध नव्हता असे बाहेरचे विद्यार्थी पोलिसांवर धावून गेले. त्या दिवशी सुमारे साडेपाचशे जणांना पकडण्यात आले. १० मेच्या रात्री गे-ल्युसाक मार्गावर अडथळे उभारले गेले. ११ मे रोजी इराण व अफगाणिस्तानच्या दौऱ्यावरून परतलेले पंतप्रधान जॉर्ज पाँपिदू यांनी सोर्बोन उघडण्याची घोषणा केली, परंतु तोवर कामगार संघटनांनी १३ मेच्या सार्वत्रिक संपाची हाक दिली होती. त्यानंतर लाखो कामगार संपावर गेले, मेअखेरीस ग्रनेल येथे वेतनवाढीची बोलणी झाली, ३० मे रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी संसद विसर्जित केली आणि जूनमधील निवडणुकांत त्यांच्या समर्थकांना प्रचंड बहुमत मिळाले.

३ मेची दुपार कारणमीमांसेच्या दृष्टीने निर्णायक आहे. बाहेर जमलेल्यांना ना नांतेरच्या वादाची पूर्ण माहिती होती, ना कोणी त्यांचे नेतृत्व करीत होते. पोलीस सोर्बोनमध्ये शिरले, एवढेच त्यांनी पाहिले. गर्दीचे महत्त्व येथे निर्विवाद आहे: लॅटिन क्वार्टरच्या काही चौरस किलोमीटरांत लाखभर तरुण राहत व वावरत नसते तर काही तासांत रस्ता भरला नसता. म्हणजे गर्दीने आंदोलनाला वेग व आकार दिला. कारण पुरवले ते अन्य गोष्टींनी.

त्याच वर्षी इटलीत असेच घडलेले दिसते. १ मार्च १९६८ रोजी रोममधील वाल्ले जुलिया येथे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पोलिसांशी मोठी चकमक झाली. रोमचे विद्यापीठ अतोनात भरलेले होते हे खरे. पण इटलीतील आंदोलनाचा आरंभ त्रेंतो येथील १९६२ मध्ये स्थापन झालेल्या छोट्या समाजशास्त्र संस्थेत आणि तोरिनो येथे झाला, आणि त्यात शिक्षणमंत्री लुइजी गुई यांच्या विद्यापीठ सुधारणा विधेयकाचा निषेध हा एक प्रमुख मुद्दा होता. वरून आलेली सुधारणा आणि खाली कोणाशी बोलावे हे न कळणारे विद्यार्थी, हे चित्र दोन्हीकडे समान आहे.

निवडीचा प्रश्न

फूशे यांच्यानंतर १९६७ मध्ये आलेँ पेरफित शिक्षणमंत्री झाले. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांची निवड करावी असे द गॉल यांचे मत होते. पाँपिदू साशंक होते. एप्रिल १९६८ मध्ये हा प्रश्न मंत्रिमंडळापुढे आला. निवडीच्या बाजूने युक्तिवाद दुबळा नव्हता. एवीतेवी निम्मे विद्यार्थी गळणारच असतील तर त्यांची दोन-तीन वर्षे वाया घालवण्यापेक्षा सुरुवातीसच स्पष्ट नकार देणे अधिक प्रामाणिक, असे म्हणता येते. गर्दीत गुदमरणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी या प्रस्तावाचे स्वागत करावयास हवे होते. प्रत्यक्षात ज्यांना बसायला बाक मिळत नव्हते तेच विद्यार्थी ‘निवड नको’ म्हणून रस्त्यावर आले. उंदरांच्या उपमेत हे वर्तन बसत नाही. त्यांची तक्रार आत फार लोक आहेत ही नव्हती. आत घेतल्यावर आपली कोणी दखल घेत नाही, ही होती.

मे महिन्याच्या घटनांनंतर शिक्षणमंत्री झालेले एदगार फोर यांनी हा भेद ओळखला. १२ नोव्हेंबर १९६८ चा त्यांचा कायदा संसदेत विरोधात एकही मत न पडता संमत झाला होता. त्याने जुन्या विद्याशाखा मोडून लहान घटक निर्माण केले, विद्यापीठांना मर्यादित स्वायत्तता दिली आणि निवडलेल्या मंडळांत विद्यार्थ्यांना स्थान दिले. निवडीचा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. पुढे १९७०-७१ मध्ये पॅरिस विद्यापीठाची १३ विद्यापीठे झाली. व्हँसेन येथे बाकालोरेआ नसलेल्यांनाही प्रवेश देणारे प्रायोगिक केंद्र निघाले. १९८० मध्ये ते सँ-दनी येथे हलवण्यात आले.

फोर यांच्या कायद्याने शांतता नांदली, असे मात्र झाले नाही. नांतेरमध्ये पॉल रिकर यांनी अधिष्ठातापद स्वीकारले. संवादावर श्रद्धा असलेल्या या तत्त्वज्ञाच्या डोक्यावर १९७० मध्ये काही विद्यार्थ्यांनी केराची टोपली उपडी केली, आणि त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. आर्थिक नाड्या मंत्रालयाकडेच राहिल्याने मंडळांतील प्रतिनिधित्वाला फारसा अर्थ उरला नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. निवडही मागच्या दाराने आली: १९७१ च्या कायद्याने वैद्यकाच्या पहिल्या वर्षानंतर पुढे जाणाऱ्यांची संख्या निश्चित करण्याची तरतूद झाली. इतर शाखांत दार उघडे आणि चाळणी आत, ही जुनी रीत चालू राहिली.

१९८६ मध्ये आलँ दवाके यांनी विद्यापीठांना प्रवेशाचे निकष ठरवण्याची मुभा देणारे विधेयक आणले. तोपर्यंत विद्यार्थिसंख्या १९६८ च्या सुमारे दुप्पट झाली होती आणि गर्दीही कमी झालेली नव्हती. तरीही अठरा वर्षे जी पिढी शांत मानली जात होती ती या विधेयकाविरुद्ध लाखोंच्या संख्येने बाहेर पडली. ६ डिसेंबर रोजी पोलिसांच्या मारहाणीत मालिक उसकीन हा २२ वर्षांचा विद्यार्थी मरण पावला. ८ डिसेंबर रोजी पंतप्रधान जाक शिराक यांनी विधेयक मागे घेतले.

तीस वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. मागणी जास्त आणि जागा कमी असलेल्या काही अभ्यासक्रमांत संगणकीय प्रवेशप्रणाली चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी निवडू लागली. कायदा निवडीला परवानगी देत नव्हता, म्हणून नशिबाला दिली गेली. २०१७ मध्ये या प्रकाराविरुद्ध पालकांत संताप उसळला, आणि त्याचाच आधार घेऊन शासनाने ८ मार्च २०१८ चा कायदा केला. त्यानुसार ‘पारकूरसुप’ या नव्या प्रणालीत विद्यापीठांना अर्जदारांचे शालेय अभिलेख पाहून क्रम लावता येऊ लागला. पॅरिसमधील तोल्बियाक केंद्र विद्यार्थ्यांनी काही आठवडे ताब्यात ठेवले. २० एप्रिल रोजी पोलिसांनी ते रिकामे केले. नांतेरच्या आवारात पोलीस त्याआधीच, ९ एप्रिल २०१८ रोजी, विद्यापीठ प्रशासनाच्या विनंतीवरून शिरले होते. कायदा या वेळी मागे घेतला गेला नाही.